मेपल बोन्सायची विरळणी: गर्दी घेरात नाही, सांध्यात असते

पानं असताना मेपल फसवतो. भरगच्च, गोल, डौलदार दिसतो. पानगळ झाली की आत काय चाललंय ते उघडं पडतं. एकाच जागेतून निघालेल्या पाच-सहा काड्या, एकमेकींना घासणाऱ्या डहाळ्या, खोडाजवळ वाळून गेलेल्या काटक्या आणि फांदीच्या मध्येच फुगलेल्या ओबडधोबड गाठी.

अशा वेळी बहुतेक जण कात्री घेऊन झाडाच्या घेराभोवती फिरतात. बाहेर आलेली टोकं कापतात, घेर पुन्हा गोल होतो, बरं वाटतं. गर्दी मात्र अशानेच वाढते. मेपलला डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, जोडीने येतात. टोक उडवलं की त्याच्या खालची जोडी जागी होते आणि एका काडीच्या दोन होतात. दुसऱ्या छाटणीला चार, तिसऱ्या वेळी आठ, चौथ्या वेळी सोळा. आतलं काहीच काढलं नाही तर या सगळ्या काड्या त्याच मूठभर जागेत कोंबलेल्या राहतात. आखूड करणं हे एक काम आणि विरळ करणं हे दुसरं. इथे मी दुसऱ्याबद्दल सांगतेय, कारण पहिलं सगळ्यांनाच येतं.

गर्दीचं दुखणं फक्त दिसण्यापुरतं असतं तर एवढा खटाटोप करायची गरज नव्हती. मेपलचा जोर शेंड्याकडे असतो. वाढत्या टोकात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, आणि वरचा-बाहेरचा पाला आतल्या डहाळ्यांचा उजेड अडवतो. दोन-तीन हंगाम असंच चाललं की आतल्या बारीक काड्या मरतात. मग फांदीला मागे घ्यायचं म्हटलं तर कापून कुठे थांबायचं ती जागाच उरत नाही. नुसती उघडी फांदी आणि टोकाला झुबका. म्हणून मी विरळणी करते ती आतल्या काडीसाठी. आज कुचकामी वाटणारी खोडाजवळची ती बारकी काडी पाच वर्षांनी तुमची फांदी असणार आहे.

दुसरं दुखणं गाठींचं. सांधा म्हणजे जिथून डोळे आणि फुटवे निघतात ती जागा. एका सांध्यावर दोनाऐवजी चार फुटवे वाढू दिले की त्या चौघांचं लाकूड त्याच जागी साठतं आणि सांधा फुगतो. फांदी खोडाकडून टोकाकडे निमुळती होत जायला हवी, ती मध्येच जाड दिसू लागते. ही सूज आपोआप कधीच उतरत नाही.

कधी कापायचं

महिने सांगत नाही, झाडाच्या खुणा सांगते. प्रत्येकाकडचं हवामान वेगळं.

सगळी पानं गळून गेल्यावर, कडक थंडी सुरू व्हायच्या आधी, हा विरळणीचा सगळ्यात सोयीचा काळ. सांगाडा स्पष्ट दिसतो, झाड शांत असतं. जिथे पुढे कडक हिमकाळ असतो तिथे कापताना खुंट थोडा लांब ठेवावा, म्हणजे थंडीने टोक वाळलं तरी ते सांध्यापर्यंत पोचत नाही.

थंडी सरत आली आणि डोळे फुगायला लागले की कात्री ठेवून द्या. तेव्हा मेपलच्या लाकडात रसाचा दाब चढलेला असतो. रात्री गोठण आणि दिवसा ऊब असते त्या दिवसांत हा दाब सर्वात जास्त असतो, आणि शुगर मेपलचा रस पाकासाठी काढतात तोही याच दिवसांत. तेव्हा कापलेली काडी ठिबकत राहते. एवढ्याने निरोगी झाड मरत नाही, पण ओल्या जखमेवर लेप बसत नाही आणि नाजूक डहाळ्या वाळण्याची भीती वाढते.

नवी पालवी कोवळी असतानाही मोठं काही कापू नये. झाडाने वर्षभराचा साठा त्या पालवीत ओतलेला असतो आणि त्यातलं अजून काही परत मिळालेलं नसतं.

जाड फांदी काढायची असेल, म्हणजे पेन्सिलीहून जाड, तर मी पानं पूर्ण गडद हिरवी आणि राठ होईपर्यंत थांबते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती काढते. तेव्हा जखमेच्या कडेने नवी साल झपाट्याने सरकते. पानगळीनंतर केलेला मोठा काप पुढच्या वाढीपर्यंत तसाच उघडा राहतो. बारीक डहाळ्यांना हा फरक जाणवत नाही, अंगठ्याएवढ्या फांदीला चांगलाच जाणवतो.

आणि झाड अशक्त असेल तर यातलं काहीच करू नका. गेल्या हंगामात नवी वाढ जेमतेम एखाद्या पेराची, म्हणजे दोन सांध्यांमधल्या तुकड्याएवढी, झाली असेल, पानांच्या कडा करपल्या असतील, डोळे बारके असतील, तर त्याला वर्षभर मोकळं वाढू द्या. गर्दी कुठे पळून जात नाही.

हाताशी काय हवं

लांब दांड्याची बारीक टोकाची कात्री, अंतर्वक्र (खोलगट काप घेणारा) कटर, चिमटा, मऊ ब्रश, जखमेवरचा लेप आणि फिरता पाट. फिरता पाट चैनीचा वाटतो, पण त्याच्यामुळे झाड चारी बाजूंनी बघितलं जातं. नाहीतर आपण एकाच बाजूने कापत बसतो. बागेतला मोठा सिकेटर इथे नको. त्याचं एक पातं काडी दाबून धरतं आणि मेपलची पातळ साल चेचली जाते.

पाती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना तर नक्कीच. मेपलला व्हर्टिसिलियम नावाची बुरशी धरते. ती मुळांतून शिरून लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. एखादी फांदी भर हंगामात अचानक सुकली आणि कापल्यावर लाकडात काळपट-हिरवट रेघा दिसल्या तर तिचाच संशय घ्यावा. यावर खात्रीचा इलाज नाही. झाड वेगळं ठेवणं आणि त्याची माती-कात्री इतरांना न लावणं एवढंच आपल्या हातात.

आतून बाहेर

सुरुवात मेलेल्यापासून. वाळकी काडी निस्तेज करडी दिसते, तिचे डोळे सुरकुतलेले असतात. जपानी मेपलची जिवंत कोवळी काडी लालसर किंवा हिरवी, तुकतुकीत असते. शंका आली तर नखाने किंचित खरवडा, हिरवं दिसलं तर राहू द्या. वाळक्या खुंटांवर नारिंगी-गुलाबी बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती कोरल स्पॉट बुरशी. ती मेलेल्या लाकडावर बस्तान बसवते आणि तिथून जिवंत भागात उतरते. निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे कापा आणि तो कचरा कुंड्यांजवळ ठेवू नका. एवढं काढलं की अर्धी गर्दी हलकी झाल्यासारखी वाटते. ते खरं नसतं, पण हात मोकळा होतो.

मग सगळ्यात खालची फांदी धरा. एकच फांदी, खोडापासून टोकापर्यंत. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. वरून सुरुवात केली की नजर घेरावर जाते आणि पुन्हा आखूड करण्याचाच खेळ सुरू होतो.

प्रत्येक सांध्यावर थांबून मोजायचं: इथून पुढे किती जणी जातात? दोन असतील तर पुढे सरका. तीन किंवा जास्त असतील तर दोन ठेवायच्या. कुठली जाणार ते ठरवताना मी असं बघते. मधली, सरळ आणि इतरांपेक्षा जाड काडी बहुतेक वेळा पहिली जाते. ती गेली की उरलेल्या दोघींचा छान फाटा उघडतो. सरळ वर उभी राहिलेली आणि सरळ खाली लटकलेली काडी जाते. मागे खोडाकडे वळलेली, शेजारणीला घासणारी जाते. पहिलं पेर लांबलचक असलेली जाते, कारण पेराची लांबी एकदा ठरली की नंतर आखूड होत नाही आणि त्या लांब उघड्या दांडीवर पुढे डोळा मिळणंही कठीण. उरणाऱ्या दोघी शक्यतो सारख्या जाडीच्या असाव्यात. एक जाड आणि एक बारीक ठेवली की जाड असलेली सगळा जोर ओढून घेते आणि बारकी दोन वर्षांत संपते.

इथे एक गोष्ट नीट बघितली की निम्मं काम सोपं होतं. मेपलच्या डोळ्यांच्या जोड्या एकीला काटकोनात दुसरी अशा येतात. एका सांध्यावर डोळे डावे-उजवे असतील तर पुढच्यावर वर-खाली, त्याच्या पुढे पुन्हा डावे-उजवे. फांदीचा पसारा आडवा, पंख्यासारखा हवा असेल तर काडी आखूड करताना डाव्या-उजव्या जोडीवर थांबायचं. वर-खालच्या जोडीवर थांबलात तर पुढच्या हंगामात एक फुटवा आकाशाकडे आणि एक मातीकडे जाणार, आणि तुम्ही पुन्हा तेच कापत बसणार. थांबायला दुसरी जागाच नसेल तर नको असलेला डोळा आत्ताच चिमट्याने चोळून काढा. डोळा काढल्याची जखम जवळजवळ होतच नाही, त्याची काडी झाल्यावर काढलीत तर होते.

झाडाच्या वरच्या आणि खालच्या भागाला नियम एकमेकांच्या उलट आहेत. शेंड्याकडे जोमदार, जाड काड्या बुडापासून काढायच्या आणि नाजूक ठेवायच्या. खालच्या फांद्यांवर जोमदार ठेवायच्या. शेंडा आपला जोर आपण राखून असतोच, खालच्यांना मदत लागते. याला ठळक अपवाद म्हणजे कियोहिमे ही जपानी मेपलची बुटकी जात. तिचा स्वभाव आडवा पसरण्याचा, शेंडा दुबळा. तिथे बाजूच्या फांद्यांवर कात्री सैल सोडायची आणि शेंड्याला फारसं छेडायचं नाही, नाहीतर वरचा भागच सुकतो. पेरं आखूड असल्यामुळे कियोहिमेत गर्दीही इतरांपेक्षा लवकर होते.

खुंट किती ठेवायचा

यावर वाद खूप आहेत. मी झाडाची जात बघून ठरवते. जपानी मेपलची काडी कापली की कापापासून मागच्या सांध्यापर्यंत बहुधा वाळत येते. सांध्याला चिकटून कापलं तर ही वाळ सांध्यात शिरते आणि जोडीतला एक डोळा घेऊन जाते. म्हणून सांध्याच्या पुढे पेराचा छोटा तुकडा ठेवायचा आणि तो वाळला की पुढच्या हंगामात साफ करायचा. ट्रायडंट मेपल काटक, जखमा पटापट भरणारा. त्याच्यावर मी बरंच जवळून कापते.

बुडापासून काढायच्या जाड काडीसाठी अंतर्वक्र कटर वापरा, म्हणजे काप किंचित खोलगट होतो आणि भरून आल्यावर सपाट दिसतो, उंचवटा राहत नाही. कडा फाटल्या असतील तर धारदार पात्याने साफ करा, मग लेप लावा. इतर बऱ्याच झाडांवर मी लेपाचा आग्रह धरत नाही. मेपलवर धरते, कारण साल पातळ आणि कडेने वाळण्याची खोड मोठी. बारीक डहाळ्यांना ट्यूबमधला पातळ लेप पुरतो, मोठ्या जखमेला मळून लावायचा कणकेसारखा घट्ट लेप बरा.

गाठ फुगलेलीच असेल तर

इथे खरा निर्णय घ्यावा लागतो. गाठ लहान असेल, म्हणजे फांदीच्या जाडीपेक्षा थोडीच मोठी, तर तिच्यावरच्या दोन चांगल्या काड्या ठरवायच्या, बाकीच्या काढायच्या आणि फुगीर भाग कटरने कोरून घ्यायचा. पुढची वाढ ते झाकून टाकते.

गाठ मोठी असेल तर कोरण्यात अर्थ नाही. गाठीच्या अलीकडे, खोडाच्या बाजूला, एखादी जिवंत काडी शोधायची आणि फांदी तिच्यावर आणून कापायची. गाठ गेली, तिच्यापुढचा सगळा पसाराही गेला. हे करताना हात जड होतो, कारण चांगली भरलेली फांदी एका कापात बोडकी होते. माझ्याकडच्या जुन्या ट्रायडंटवर डावीकडची दुसरी फांदी अशीच होती. पुढे सुंदर झुबका आणि मध्ये सुपारीएवढी गाठ. गाठीच्या अलीकडे काडीच्या नावाला एकच बारीक फुटवा होता. मी आधी पूर्ण एक हंगाम फक्त त्या फुटव्यासाठी काम केलं. त्याच्यावर सावली टाकणारं सगळं विरळ केलं, त्याचं टोक एकदाही खुडलं नाही, त्याला तार घालून दिशा दिली. तो जाड झाल्यावरच पुढची फांदी उतरवली. आज तीच फांदी आहे, आणि निमुळती आहे.

गाठीच्या अलीकडे काहीच काडी नसेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे मागे कापून जुन्या लाकडावर फुटवा येतो का ते बघणं. ट्रायडंट यात उदार आहे, जपानी मेपलचा भरवसा कमी. फुटलाच तर बहुधा जुन्या सांध्याच्या कड्यापाशी फुटतो, तेव्हा काप त्या कड्याच्या पुढे घ्या, मागे नको. दुसरी वाट म्हणजे भोक पाडून कलम. त्याच झाडाची लांब काडी पानं उतरवून फांदीला पाडलेल्या भोकातून ओवायची आणि पलीकडे वाढू द्यायची. ती जाड होत होत भोकात जखडते आणि जुळते. बाहेर पडणारा भाग आत जाणाऱ्या भागापेक्षा स्पष्ट जाड दिसू लागला की मागचा कापायचा. घाई केलीत तर काडी जाते आणि फांदीला भोक राहतं.

गाठी अनेक असतील तर एका वर्षात सगळ्यांना हात घालू नका. एका बैठकीत झाडाच्या डहाळ्यांपैकी पाव ते फार तर एक तृतीयांश जाव्यात. जास्त उडवल्यात तर झाड घाबरून जुन्या जखमांभोवती डझनभर फुटवे काढतं आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो.

सगळ्या फांद्या झाल्या की झाडामागे उजेड येईल असं धरून बघा. फांद्यांच्या मधून उजेड दिसायला हवा. खालून वर बघा, वरून खाली बघा. जिथे अजून काळा ठिपका दिसतो तिथे गर्दी राहिली. आणि आता, सगळ्यात शेवटी, घेराबाहेर गेलेली टोकं पहिल्या किंवा दुसऱ्या जोडीवर आखूड करा. हे काम पाच मिनिटांचं आहे.

पुढच्या हंगामात

पालवी फुटताना प्रत्येक जुन्या कापाभोवती फाजील फुटवे येतील. ते दिसताच बोटाने चोळून काढा. आठवडाभर दुर्लक्ष केलंत की कात्री लागते, महिनाभर केलंत की नवी गाठ तयार व्हायला लागते. मात्र काढण्याआधी बघा, कधीकधी नेमका हवा तिथेच फुटवा आलेला असतो.

शेंडे खुडायचे ते फक्त तयार झालेल्या भागात. पहिली पानांची जोडी उलगडत असते आणि तिच्या मधून पुढचं बारीक टोक डोकावतं, त्याच वेळी ते चिमट्याने काढायचं. थोडा उशीर झाला की पेर लांबतं आणि मग खुडण्याचा उपयोग निम्मा. हे रोज सकाळी फिरून करायचं काम आहे, कारण सगळे डोळे एकदम फुटत नाहीत. आतल्या दुबळ्या फुटव्यांना हात लावू नका. ज्या फांदीला अजून जाडी हवी तिलाही नाही. सतत खुडण्याने मेपल दमतो, त्यामुळे मी पूर्ण झाडावर दरवर्षी हे करत नाही.

तयार झालेल्या झाडाला पानं राठ होईपर्यंत खत देऊ नका. पालवीच्या वेळी नत्र मिळालं की पेरं लांब आणि पानं मोठी होतात. झाड अजून घडत असेल तर हे लागू नाही, त्याला खायला घाला.

उन्हाळ्यात बाहेरचा पाला पुन्हा आत सावली करतो. तेव्हा बाहेरच्या जोमदार काड्यांवर जोडीतलं एक पान कापायचं, देठ ठेवून. देठ नंतर स्वतःच गळून पडतो आणि त्याच्या बगलेतला डोळा सुरक्षित राहतो. आतली पानं तशीच. पूर्ण पानं उतरवण्याचा प्रकार ट्रायडंट सोसतो, पण गर्दी हटवण्यासाठी त्याची गरज नाही आणि जपानी मेपलवर मी तो करत नाही. त्याच वर्षी कुंडी बदलून मुळं छाटली असतील तर कुठल्याच मेपलची सगळी पानं उतरवू नयेत.

दोन काड्यांमधला फाटा अरुंद राहिला असेल तर तारेने उघडता येतो, पण मेपलच्या सालीत तार फार लवकर रुतते. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला बघा. तार सालीला दाबू लागलेली दिसली की काढा, फांदी जागेवर बसली नसली तरी. हवं तर थोडी सरकवून पुन्हा घाला. आणि काढताना उलगडू नका, प्रत्येक वेटोळं कटरने तोडून तुकड्या-तुकड्याने काढा. उलगडताना शेजारचे डोळे हमखास मोडतात.